नवा प्रूफिंग प्रिंटर घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नव्या प्रूफिंग प्रिंटरचं, म्हणजे ऑफसेटवर छापण्याआधी रंगांचा नमुना (प्रूफ) काढणाऱ्या यंत्राचं, डीलरचं कोटेशन मिळालं. "काका, घेऊन टाकू का?" असं तू विचारलंस, पण कोटेशन बघून मी काय सांगणार? मला तुझी वेजची वही बघायची आहे. दर आठवड्याला कंट्रोल वेज, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकटींची पट्टी, छापायची, शाई नीट वाळू द्यायची, स्पेक्ट्रोने, म्हणजे रंग मोजायच्या यंत्राने, मोजायची आणि सरासरी डेल्टा ई, म्हणजे हव्या रंगापासून पडलेला फरक, लिहून ठेवायची. ही वही नसेल तर आजच सुरू कर. प्रिंटर किती जुना आहे, यावरून मी कधीच निर्णय घेत नाही.

प्रूफसाठीच्या आयएसओ १२६४७-७ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे डेल्टा ई २००० या सूत्राने मोजलेला सरासरी फरक २.५ च्या आत हवा. तुझा प्रिंटर आज त्यात बसतो की नाही, यापेक्षा कॅलिब्रेशन करून रंग पुन्हा जागेवर आणल्यावर तो तिथे किती दिवस राहतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी महिनाभर टिकणारं कॅलिब्रेशन पंधरवड्यावर आलं, मग आठवड्यावर, आणि दरम्यान शाई, कागद, रंगांची प्रोफाइल फाइल काहीच बदललं नसेल, तर यंत्र थकलं आहे. एखाद्याच दिवशी आकडा उडाला तर घाबरू नकोस. नवा रोल लागला असेल, नाहीतर स्पेक्ट्रोच्या पांढऱ्या टाइलवर धूळ बसली असेल.

उन्हाळ्यात मात्र हा निर्णय घेऊच नकोस, हे मी आग्रहाने सांगतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हवा अशी कोरडी होते, की पाण्यावर आधारलेली शाई नोझलच्या, म्हणजे ती फवारणाऱ्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशीच सुकते. नोझल चेकमध्ये रेघा तुटतात, मग क्लीनिंगवर क्लीनिंग, आणि महागाची शाई कागदावर जाण्याऐवजी वाया शाई साठवणाऱ्या मेंटेनन्स टँकमध्ये जाते. त्या वैतागात आपल्याकडचे कितीतरी चांगले प्रिंटर मोडीत निघालेले मी पाहिलेत. खोलीत आर्द्रता मोजायचं साधं मीटर लाव आणि ४० ते ६० टक्के राखायचा प्रयत्न कर. कूलर लावलास तर झोत प्रिंटरवर नको, कागद ओल धरतो. नोझल असलेलं हेड पुसणारा वायपर, ते झाकणारी कॅप आणि त्याला शाई पोचवणारा डॅम्पर बदलून घे. मृगाचा पाऊस पडून हवा ओलसर झाली तरी त्याच नोझल बंद राहिल्या, तर दोष हेडचा धर.

मग नव्या हेडचा भाव काढ. त्यात इंजिनिअर बाहेरगावाहून बोलवायचा खर्च आणि तो येईपर्यंत थांबणारं कामही धर. हा आकडा नव्या प्रिंटरच्या निम्म्या किमतीच्या आसपास गेला, किंवा कंपनीने त्या मॉडेलचे सुटे भाग देणं बंद केलं असेल, तर जुन्यात पैसा घालू नये, असं माझं मत आहे.

नव्या मॉडेलमध्ये नारिंगी, हिरवी, जांभळी शाई आहे, हे डीलर तुला नक्की ऐकवेल. ते खरंही आहे. पण चार रंगांचं ऑफसेट कोटेड कागदावर जेवढे रंग देतं, तेवढे तुझा आठ शायांचा जुना प्रिंटरही आरामात दाखवतो. प्रूफने छपाईच्या मशीनवर निघणारी शीट दाखवायची असते, त्याहून भडक काही नाही. केळीच्या खोक्यांचं, सराफांच्या कॅटलॉगचं चार रंगांतलं काम असेल तर त्या जादा शायांचे पैसे तुला परत मिळणार नाहीत. नंदुरबारच्या मिरचीच्या पाकिटांसारखी खास शाईची कामं वाढली, गिऱ्हाईक ब्रँडचा नारिंगी अचूक मागू लागलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कर्ज काढूनही घे.

आणखी एक तपास. प्रूफ आणि शीट जुळत नाही अशी तक्रार असेल, तर ती दोन्ही कुठल्या उजेडात बघितली ते विचार. मशीनजवळच्या साध्या ट्यूबलाइटखाली भांडण होणारच. तिथे ५००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडासारखा डी५० दिवा हवा. आजच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारं रसायन, असतं. कोटेड कागदावरच्या ऑफसेटच्या रंगांचं २०१५ चं कोष्टक, फोग्रा ५१, एम१ पद्धतीच्या, म्हणजे डी५० उजेडात ब्राइटनरची चमक धरणाऱ्या मोजणीवर बेतलेलं आहे, आणि तुझा स्पेक्ट्रो फक्त जुन्या एम० पद्धतीने, अतिनीलचं प्रमाण न ठरवता मोजत असेल तर नवा प्रिंटर आणूनही तो फरक जाणार नाही. तिथे आधी स्पेक्ट्रो आणि प्रूफचा कागद बदल.

एवढं करूनही घ्यायचंच ठरलं, तर तुझं रिप, म्हणजे फाइल प्रिंटरसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर, त्या मॉडेलला चालतं का आणि लायसन्सचे वेगळे किती, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घे. लगीनसराईच्या तोंडावर मशीन बसवू नकोस. मोकळ्या दिवसांत आण, काही आठवडे तोच जॉब दोन्हींवर काढ आणि छापलेल्या शीटशेजारी ठेवून मोज. नव्याची वही जमेपर्यंत गिऱ्हाइकाची सही जुन्याच प्रूफवर घे.

जुना प्रिंटर अडीअडचणीला ठेवायचा असेल तर त्यावर रोज एक लहान पट्टी काढावी लागेल. तेवढं होणार नसेल तर शाई हेडमध्ये सुकायच्या आत, चालू स्थितीत विकून टाक.

वहीच्या पानांचे फोटो पाठव.

तुझा काका