ब्रँच बसते पण डुगडुगते, आणि पाइप कटिंगचे बाकीचे प्रश्न

यावेळी पत्रं बरीच आली अन् निम्मी एकाच विषयावर, पाइपला पाइप जोडायचा तर मार्किंग कसं करायचं अन् कापायचं कसं. म्हणून ही खेप सगळी त्यावरच घेतली, बाकीच्यांनी थोडा धीर धरा.

प्रश्न : नमस्कार सर. हिंगणा एमआयडीसीत आपलं लहानसं शॉप आहे. सहा इंची हेडरवर (मुख्य पाइपवर) चार इंचीच्या ब्रँच (फाटे) काढून राहिलो, दोन्ही शेड्यूल ४० (जाडीचा दर्जा), सरळ ९० अंशात. मोबाइलवरच्या ॲपमधून रॅपअराउंडचे (पाइपभोवती गुंडाळायच्या कागदी साच्याचे) आकडे काढले, कागद कापला, मार्किंग केलं, गॅस कटरनं कापलं. पण ब्रँच हेडरवर ठेवली की दोन बाजूंना टेकते अन् पुढे-मागे (हेडरच्या लांबीकडं) पाचेक एमएमची फट राहते, हात लावला की डुगडुगते. वेल्डर म्हणतो मी भरून देतो. पोरगा म्हणतो ॲपच चुकीचं आहे. नेमकं काय होऊन राहिलं?

उत्तर : भाऊ, ॲप बरोबर आहे, तुम्ही त्याला आकडा चुकीचा दिला. तुमची पाचेक एमएमची फटच सांगते की ब्रँचचा ओडी (बाहेरचा व्यास) टाकलाय. हिशोबच करून पाहू.

ब्रँच हेडरच्या वर बसवायची असेल, म्हणजे आपण ज्याला सेट-ऑन म्हणतो, तर हेडरला टेकते ती ब्रँचची आतली कड. बाहेरची कड टेकतच नाही. कारण बाजूला हेडर गोलाईनं खाली उतरत जातो अन् पाइपच्या जाडीत आतली कड त्याला आधी भिडते. म्हणून सॅडलची (हेडरवर बसणाऱ्या गोलाईच्या कापाची) खोली काढताना हेडरचा बाहेरचा रेडियस अन् ब्रँचचा आतला रेडियस घ्यायचा. सहा इंचीचा ओडी १६८.३, म्हणजे रेडियस ८४.१५. चार इंचीचा ओडी ११४.३, जाडी ६.०२, आतला रेडियस ५१.१३. आता ८४.१५ चा वर्ग वजा ५१.१३ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ येतं ६६.८, ते ८४.१५ मधून वजा केलं की १७.३. म्हणजे बाजूचे कान (खाली लोंबणाऱ्या कडा) १७.३ एमएम खाली उतरले पाहिजेत. तुम्ही ओडी धरला तर तोच आकडा २२.४ येतो. फरक ५.१. कान पाच एमएम लांब राहिले, ते आधी टेकले अन् पुढे-मागे ब्रँच हवेत. ही तुमची फट.

अन् हेच दोन पाइप सेट-इन करायचे असते, म्हणजे ब्रँच भोकातून आत जाऊन हेडरच्या आतल्या गोलाईशी बरोबर थांबवायची, तर ब्रँचचा ओडी अन् हेडरचा आयडी (आतला व्यास) लागतो, तिथं आकडा २५.४ होतो. पाइप तेच अन् आकडे तीन, म्हणून ॲप उघडायच्या आधी जॉइंट सेट-ऑन आहे का सेट-इन ते ड्रॉइंगवर पाहा, ड्रॉइंगवर नसेल तर ज्यानं काम दिलं त्याला विचारा.

पीस मात्र वाया गेला नाही. लांबी आपण पुढच्या-मागच्या आखूड बिंदूपासून धरतो अन् तिथं काही हलत नाही. फक्त कान घासायचे. बरोबर मधोमध ५ एमएम, त्याच्या दोन्हीकडं ४, मग २, मग अर्ध्याच्या जरा वर, अन् पुढे-मागे शून्य. सोळा भागांच्या खुणा अजून दिसत असतील तर ग्राइंडरचं काम आहे फक्त.

पुढच्या पीससाठी आकडे लिहूनच ठेवा, याच साइजला चालतात : पुढच्या मध्यरेषेवर ०, पहिल्या खुणेला २.३, दुसऱ्या खुणेला ८.२, तिसऱ्या खुणेला १४.५, बाजूला १७.३, मग तेच उलटे. पण एक ध्यानात ठेवा, खोली आतल्या रेडियसनं काढली तरी खुणांमधलं अंतर बाहेरच्या घेरावरच पडतं, कारण कागद बाहेरूनच गुंडाळतो. घेर ३५९ एमएम, सोळावा भाग साडेबावीसच्या जरा आत. इथं बरेच जण घोळ घालतात, एकदा आयडी म्हटलं की घेरही आयडीचाच घेतात. टेपनं सोळा खुणा करत बसू नका, कागदाची पट्टी पाइपला घट्ट गुंडाळा, जोडावर कापा अन् चार वेळा निम्मी करत घडी घाला, सोळा भाग आपोआप होतात, पाइप थोडा लंबगोल असला तरी फरक वाटला जातो.

हे सगळं खरं ठरतं ते कापताना नोझल पाइपच्या मध्याकडं रोखलेलं असलं तरच. पहिला कट सरळ, बेव्हल (वेल्डसाठी कडेचा तिरपा उतार) नंतर वेगळा. एकाच फेरीत दोन्ही उरकायला गेलं की आतली कड कुठं गेली ते कळतच नाही. अन् बेव्हल सगळीकडं सारखा नसतो! पुढे-मागे हेडर सपाट पडतो, तिथं ४५ अंशाच्या आसपास पूर्ण बेव्हल लागतो. बाजूला हेडरच खाली झुकलेला असतो, या साइजला ३७ अंश, तिथं खाच आपोआप तयार असते, थोडं ग्राइंडर फिरवलं की झालं. बाजूलाही ४५ चा बेव्हल मारला की खाच एवढी मोठी होते की वेल्डर रॉडवर रॉड जाळत बसतो, अन् जास्त मेटल पडलं की हेडरची टोकं ब्रँचच्या बाजूला उचलतात, मग ते सरळ करत बसा.

वेल्डर भरून देतो म्हणतो त्याला नको म्हणा. पाच एमएमवर रूट (वेल्डचा सगळ्यात आतला, पहिला थर) नीट पडत नाही, आत थेंब लोंबतात. सगळीकडं सारखी अडीच-तीनची फट ठेवा, अडीचच्या रॉडचा फ्लक्स झाडून तार वाकवून मध्ये ठेवली की सोपं पडतं. आधी एक टॅक (वेल्डचा छोटा टाका), मग राइट अँगल लावून पाहा, मग समोरचा टॅक.

अन् हो, हे शेड्यूल ४० चं झालं. लोहाओळीच्या बाजारातून बी क्लास किंवा सी क्लास (हेही जाडीचे दर्जेच) आणला तर ओडी जवळपास तोच राहतो पण जाडी बदलते, चार इंचीत बी क्लास ४.५ अन् सी क्लास ५.४. व्हर्नियर लावून आतला डाय मोजा, टॅगवर भरवसा नको.

प्रश्न : हेडरचं भोक ब्रँचच्या आधी कापावं का नंतर? आमचा फिटर आधीच कापून ठेवतो. मागं कापलेली चकती आत पडली अन् लाइन चालू झाल्यावर व्हॉल्व्हमधी जाऊन अडकली. (बुटीबोरी)

उत्तर : सेट-ऑनला नंतर. ब्रँच कापली, घासली, बसली, की ती हेडरवर उभी करून आतून सोपस्टोननं (मार्किंगच्या पांढऱ्या खडूनं) गोल मारायचा. ब्रँचचा आयडी तोच भोकाचा आकार, यात मोजायला काही राहतच नाही. लांब ब्रँचमध्ये हात पोचत नाही, तेव्हा त्याच पाइपचा एक बोटभर तुकडा सॅडल कापून ठेवा अन् त्यानं मार्किंग करा. कापताना रेषेच्या आत एक-दोन एमएम राहू द्या, उरलेलं ग्राइंडरनं. भोक मोठं झालं तर ब्रँचच्या कडेखाली हेडरच उरत नाही, रूट कशावर टाकणार?

कटर धरायचा ब्रँचच्या सरळ रेषेत, हेडरच्या मध्याकडं नाही. म्हणजे भोकाची भिंत अन् ब्रँचची भिंत एका ओळीत येते. सेट-इनचा प्रकार उलटा, तिथं भोक ब्रँचच्या ओडीचं, बेव्हल हेडरवर, अन् भोक आधीच कापावं लागतं.

चकतीचं सोपं आहे. कापायच्या आधी तिच्या मधोमध एक जुनी रॉड टॅक करून उभी करा, शेवटचा कट सुटला की धरून वर काढा. आत पडलेला स्लॅग (कापताना वितळून पडलेला मळ) राहतोच, तो टेस्टच्या आधी झाडून घ्या.

अजून एक, हे आपल्याकडच्या मे महिन्यासाठी. उघड्यावर काम असेल तर काळा चष्मा लावल्यावर त्या उन्हात सोपस्टोनची रेष दिसत नाही म्हणजे नाहीच. रेषेवर थोड्या थोड्या अंतरानं सेंटर पंच मारून घ्या. कट झाल्यावर काठावर अर्धे अर्धे पंच दिसले की समजा कट रेषेवर गेला.

प्रश्न : ४५ अंशाची ब्रँच असली की आमचे मिस्त्री डोळ्यानं कापतात, तीनदा घासतात अन् बसवतात. साइन-कॉस कोणालाच येत नाही. काही सोपी रीत? (कोराडी रोड)

उत्तर : साइन-कॉस नाही आलं तर अडत नाही. एक साफ प्लेट घ्या, तिच्यावर खडूनं फुल साइजमध्ये काढा. एकीकडं हेडरचा बाहेरचा गोल अन् त्यावर ब्रँचचा आतला अर्धगोल, दुसरीकडं हेडर आडवा अन् त्यावर ४५ नं कललेली ब्रँच. दोन्ही अर्धगोलांचे आठ-आठ भाग करायचे. गोलावर जिथं रेषा भिडल्या ते बिंदू आडवे पलीकडं न्यायचे, ब्रँचच्या त्याच नंबरच्या रेषेला मिळवायचे. मिळालेली लांबी डिव्हायडरनं उचलायची अन् कागदावर टाकायची. आयटीआयला हेच शिकवतात, फक्त शॉपमध्ये आलं की सगळे विसरतात.

बरोबर आलं का ते पाहायची एक खूण : ब्रँच हेडरपेक्षा बरीच लहान असेल तर ४५ ला सर्वात लांब अन् सर्वात आखूड बिंदूतला फरक ब्रँचच्या आतल्या डायएवढाच येतो. चार इंची शेड्यूल ४० ला १०२ एमएम. तेवढा नाही आला तर प्लेटवर परत पाहा, कटर पेटवू नका.

अन् ४५ खरंच लागतो का तेही विचारा. आतल्या काखेत रॉड पोचत नाही, वेल्डर नीट असला तरी. एएसएमई बी३१.३ (प्रोसेस पाइपिंगचा अमेरिकी कोड) मधला ब्रँचच्या मजबुतीचा साधा हिशोबसुद्धा ४५ ते ९० अंशांपुरताच आहे, त्याच्या खाली गेलात तर डिझाइनवाल्याशी बोलल्याशिवाय हात लावू नका.

प्रश्न : फायर लाइनच्या जीआय (झिंक चढवलेल्या) पाइपवर ब्रँच वेल्ड केली की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ-दूध घेतो, बरोबर आहे ना?

उत्तर : गूळ खा, दूध प्या, पण त्यानं झिंकचा धूर अडत नाही. तो ताप त्या धुराचाच, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. दम लागला किंवा छातीत दाटलं तर सरळ दवाखाना. जॉइंटच्या आसपासचं झिंक घासून काढा, ब्रँचच्या आतूनही, वाऱ्याकडं पाठ करून बसू नका तर वारा आडवा जाईल असे बसा, धुराचा मास्क लावा. अन् फायर लाइनला भोक पाडून वर आवळायची मेकॅनिकल टी मिळते, कन्सल्टंट हो म्हणाला तर वेल्डिंगची भानगडच नको.

प्रश्न : ब्रँचभोवती पॅड (हेडरवर वरून बसवायचा जादा तुकडा) मारायला सांगितलंय आणि पॅडला बारीक भोक ठेवा म्हणतात. ते भोक शेवटी वेल्डनं बंद करायचं का?

उत्तर : नाही. हेडरला भोक पाडलं की तिथली ताकद कमी होते, ती भरून काढायला पॅड. पॅड हेडरच्याच साइजच्या पाइपातून कापा, गोलाई जवळपास जुळते, थोडी फाकवावी लागते, प्लेट ठोकून वाकवलेली खाली पोकळ राहते. आधी ब्रँचचं वेल्ड पूर्ण करा, तपासून घ्या, मगच पॅड बसवा, नाहीतर खालचा दोष झाकला जातो.

भोक दोन कामांसाठी. वेल्डिंग करताना पॅडखालची हवा तापून फुगते, तिला वाट हवी, नाहीतर शेवटच्या टाक्यात ब्लोहोल (हवेचं छिद्र) पडतो. अन् पुढं कधी आतलं वेल्ड गळलं तर इथून कळतं. भोक बाजूला ठेवा, पुढे-मागे जिथं ताण जास्त तिथं नको. पॅड दोन तुकड्यांत असेल तर प्रत्येक तुकड्याला वेगळं भोक. साबणाचं पाणी लावून हलक्या हवेनं टेस्ट घ्या, झालं की ग्रीस भरून ठेवा, पावसाचं पाणी आत जाणार नाही.

वाफेची लाइन असेल तर यातलं काहीच स्वतःच्या मनानं करू नका. आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये) येणाऱ्या लाइनवर ड्रॉइंग मंजूर लागतं, वेल्डरही सर्टिफाइड लागतो, अन् ते कागद कामाच्या आधी हातात पाहिजेत.