जुन्या इमारतीचे ब्लूप्रिंट आणि कापडी नकाशे सापडलेत, ते लॅमिनेट करून घ्यावेत का?

नका करू. गरम लॅमिनेशनचं प्लास्टिक कागदात वितळून बसतं, नंतर ते सुखरूप निघत नाही. सेलोटेप आणि फेव्हिकॉललाही तोच नियम.

वाचनालयाच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत नकाशांचं भेंडोळं निघालं, त्यात काही निळे कागद आहेत, काही मेणकापडासारखे दिसतात, कडा कुरतडलेल्या आहेत आणि डागडुजीसाठी आर्किटेक्टने ते मागितलेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी एवढंच ठरवा की प्रत्येक पान कशाचं आहे हे कळल्याशिवाय त्याला कुठलाही उपाय करायचा नाही. एका पानाला जे मानवतं त्याने शेजारचं पान कायमचं बिघडू शकतं.

भेंडोळं उघडण्यापूर्वी बाहेरून फोटो काढा आणि कोणतं पान कशाच्या आत होतं ते लिहून ठेवा. एकत्र गुंडाळलेली पानं बहुधा एकाच कामाची असतात आणि तारीख नसलेल्या पानाचा काळ कित्येकदा शेजारच्या पानावरून लागतो. पानापेक्षा मोठं, कोरडं टेबल घ्या. हात धुऊन कोरडे करा. हातमोज्यांत बोटांना कागदाची कड जाणवत नाही, त्यामुळे ते फक्त बुरशी असेल तेव्हाच घाला, आणि तेव्हा एन-९५ मास्कही लावा. एका वेळी फूटभर उलगडा आणि कडेवर वाळूच्या कापडी पुरचुंड्या ठेवा. कागद करकरला की तिथेच थांबा.

आता ओळख. गडद निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा असतील तर तो खरा ब्लूप्रिंट. ही पद्धत जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली. त्यातला निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू आणि त्याला अल्कली, म्हणजे चुन्यासारखे क्षारयुक्त पदार्थ, अजिबात चालत नाहीत. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण जुन्या इमारतींत भिंतींना चुना असतो. चुना लावलेल्या कोनाड्यात ओलसर हवेत ठेवलेल्या ब्लूप्रिंटवर पिवळट-तपकिरी डाग दिसतात, ते सहसा मळाचे नसतात. तिथला निळा रंगच मोडलेला असतो. पुसून तो परत येत नाही. ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कागदांत कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं, आणि तेही अल्कलीच. इतर कागदपत्रांना ते चांगलं, पण ब्लूप्रिंटला नाही. दुकानात विचारून बफर न केलेला, म्हणजे असं काही न मिसळलेला, पीएच ७ च्या आसपासचा कागद मागा. उजेडानेही हा रंग फिका होतो. अंधारात, हवा लागत राहिली तर त्यातला काही अंश परत येतो. त्यामुळे मूळ ब्लूप्रिंट फ्रेम करून हॉलमध्ये टांगू नका, त्याची प्रत टांगा.

पांढरट जमिनीवर जांभळ्या, निळ्या किंवा तपकिरी रेघा असतील तर ती अमोनिया प्रिंट. लोक तिलाही सरसकट ब्लूप्रिंट म्हणतात. संगणक येईपर्यंत महापालिकेत मंजुरीला जाणारे नकाशे बहुतेक असेच असायचे. तिच्यातून बाहेर पडणारी रसायनं शेजारच्या पानांना डागाळतात, म्हणून अमोनिया प्रिंट वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो वेगळ्या खणात ठेवा. ब्लूप्रिंट किंवा फोटोंना चिकटून तर कधीच नको.

मेणकापडासारखं जे दिसतंय ते ट्रेसिंग क्लॉथ असावं. उजेडासमोर धरा, विणीचे धागे दिसतील. एक बाजू चकचकीत, दुसरी बिनचकाकीची असते. हे बारीक सुती किंवा तागाचं कापड, त्याला भरपूर खळ देऊन घोटून पारदर्शक केलेलं. खळ धुतली गेली की उरतो फक्त मऊ, अपारदर्शक कापडाचा तुकडा, आणि शाई त्या खळीवरच बसलेली असते. थुंकी लावलेलं बोट किंवा चहाच्या कपाखालचा ओलावा एवढ्यानेही कायमचा पांढरा डाग पडतो. कसर आणि झुरळं येतात तीही या खळीसाठी. तुमच्या कुरतडलेल्या कडांचं कारण बहुधा हेच. ही पानं नुसती सपाट पसरून, वर पुठ्ठा आणि हलकं वजन ठेवून आठवडाभर राहू द्या. वाफ नको, इस्त्री नको. हेच कापडी नकाशे बहुतेकदा मूळ असतात आणि ब्लूप्रिंट त्यांच्यावरून छापलेले, म्हणून पैसे थोडे असतील तर आधी यांच्यावर खर्च करा.

साधा जाड कागद फारच गुंडाळलेला असेल तर दमट हवेत ठेवून सैल करता येतो. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला पिळून काढलेला जाड टॉवेल, त्यावर दोन-तीन इंच उंच जाळी, जाळीवर कागदाची सैल गुंडाळी. कागद कुठेही टॉवेलला लागता कामा नये. तासातासाने पाहा; चार ते सहा तासांत तो मऊ पडतो. मग दोन टिपकागदांमध्ये पसरा, वर प्लायवूड आणि वजन ठेवा, अर्ध्या तासाने टिपकागद बदला आणि पुढे दोन-तीन दिवस तसंच दाबून ठेवा. पण पानावर जांभळा रबरी शिक्का, कॉपिंग पेन्सिलची (ओल लागली की जांभळी शाई सोडणाऱ्या जुन्या पेन्सिलीची) सही किंवा जलरंगाचा हात असेल तर हे करू नका, ते रंग पसरतात. ब्लूप्रिंट आणि बुरशीची पानंही यातून वगळा. आणि पावसाळ्यात तर हा उद्योगच नको. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कागद नीट वाळत नाही आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी मरत नाही.

फाटलेली पानं स्वतः जोडू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा.

ठेवायला पावडर कोटिंगचं पत्र्याचं, उथळ खणांचं कपाट उत्तम. जुन्या ‘डबल एलिफंट’ कागदाचं माप ४० × २७ इंच, तेव्हा खण ४५ × ३२ इंचांपेक्षा लहान नको. खणात मावणार नाहीत ती लांब पानं १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड नळीच्या बाहेरून गुंडाळा आणि धुतलेल्या कोऱ्या मलमलीत बांधा. जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधत, तो रिवाज चांगला होता. कापडातून हवा खेळते, प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

आर्किटेक्टला मूळ पानं देऊ नका, स्कॅन द्या. पान आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये ठिसूळ कागद घालू नका, वरून कॅमेऱ्याने टिपा. ३०० ते ४०० पीपीआय (इंचाला तेवढे पिक्सेल), टिफ फाइल, कडेला फूटपट्टी. ट्रेसिंग क्लॉथखाली पांढरा कागद घाला.

नकाशा वाचताना मात्र घाई नको, खरी फसगत तिथेच होते. ब्लूप्रिंट छापताना कागद पाण्यात धुऊन वाळवलेला असतो, त्यामुळे तो आकसतो, आणि लांबीत व रुंदीत सारखा आकसत नाही. १ इंचाला ८ फूट या मापाचं ३० इंची पान अर्धा टक्का जरी आकसलं, तरी पूर्ण लांबीत सव्वा फुटाच्या आसपास चूक येते. म्हणून फूटपट्टी लावून माप काढू नका. लिहिलेले आकडे प्रमाण माना, आणि आकडा नसेल तिथे पानावरच काढलेल्या मापपट्टीशी ताडून बघा. १ इंचाला ८ फूट म्हणजे १:९६. ते १:१०० समजून संगणकात घेतलं की सगळी इमारत चार टक्क्यांनी चुकते.

रंगांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकातल्या सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या नकाशात, विटकाम गुलाबी-लालसर, लोखंड निळं आणि लाकूड पिवळट दाखवायची पद्धत होती. महापालिकेच्या मंजुरीच्या नकाशावर पिवळा म्हणजे पाडायचं बांधकाम, लाल म्हणजे नवं. मंजुरीच्या नकाशावरची पिवळी भिंत लाकडी समजलात तर पाडायची भिंतच तुम्ही दुरुस्तीला घ्याल.

आणि नकाशा म्हणजे ठरवलेलं काम, झालेलं नव्हे. राजाबाई टॉवरचे नकाशे लंडनहून आले. ते काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, बांधकाम इथल्या इंजिनिअरांनी पाहिलं. अशा कामांत जागेवर काय बदललं, दगड कुठला वापरला, खर्च का वाढला, हे कळतं ते सोबतच्या पत्रव्यवहारातून. तुमच्या इमारतीला सरकारी पैसा किंवा जमीन मिळाली असेल तर तो पत्रव्यवहार शोधाच.

मुंबई इलाख्यातली इमारत असेल तर महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाचा काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतला मुंबई अभिलेखागार पाहा. जाण्यापूर्वी फोन करा. तिथे ‘नकाशे द्या’ म्हणून मागून भागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या वर्षवार अनुक्रमणिकेत आधी गाव, मग इमारतीचा प्रकार, मग संस्थेचं त्या वेळचं नाव शोधा. बांधकामाच्या वर्षाच्या दोन वर्षं आधीपासून पाच वर्षं नंतरपर्यंत बघा, कारण मंजुरी आणि हिशेब वेगवेगळ्या वर्षांत असतात. नकाशा बहुतेकदा फाइलमध्येच घडी घालून शिवलेला असतो. ती घडी स्वतः उलगडू नका, तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. जवळ पेन्सिल ठेवा, पेन नको. याखेरीज नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा घ्या, आणि नगरपालिकेचा अभिलेख कक्षही पाहा.

जे सापडेल त्याचा खात्यासह वर्ष, खंड आणि संकलन क्रमांक (खंडातल्या त्या फाइलचा क्रमांक) त्याच वेळी लिहून घ्या आणि तुमच्या स्कॅनच्या फाइलच्या नावातही घाला. नुसत्या फोटोवरून तीच फाइल पुन्हा मागवता येत नाही.