सर्व्हर अनेक, प्रोसेसरचे लायसन्स सामायिक: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेचा एक आयबीएम पॉवर सर्व्हर जळगावात, दुसरा नाशिकला आहे. दोन्ही एकाच एंटरप्राइज पूलमध्ये (क्षमता वाटून घेणाऱ्या सर्व्हरच्या गटात) असून मोबाइल ॲक्टिव्हेशन, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येणारे प्रोसेसरचे कोअर वापरण्याचे हक्क, आहेत. मे महिन्यात एसी बंद पडल्याने जळगावचा सर्व्हर बंद करावा लागला आणि त्याचे 6 कोअर नाशिकला दिले. जळगावचा सर्व्हर पुन्हा सुरू करताच ‘ग्रेस पीरियड’चा इशारा आला. पुढे काय करायचे? (जळगाव)

घाबरू नका, पण टाळूही नका. बंद सर्व्हरकडचे कोअर पूल काढून घेतो, मात्र तो सर्व्हर ते ‘परत केले’ असे नोंदवू शकत नाही. सुरू झाल्यावर तो जुन्या कोअरवर आपले एलपार, म्हणजे स्वतंत्र विभाग, चालवू लागतो आणि तेच 6 कोअर दोन ठिकाणी वापरात दिसतात. हे निस्तरायला 48 तास मिळतात. त्यानंतर पूल नियमबाह्य ठरतो.

आधी नाशिकचे एलपार आटोपते घ्या. एलपारचे कोअर डेडिकेटेड, म्हणजे फक्त त्याच्यासाठी राखलेले, असतील तर प्रोसेसर कमी करा, इतरांशी सामायिक असतील तर हक्काची क्षमता कमी करा. इथे बहुतेकजण एका गोष्टीत अडकतात. एलपार नुसता बंद करून भागत नाही. बंद एलपारच्या नावावरही कोअर अडकून राहू शकतात, ते एचएमसी, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापन कन्सोलवरून काढावे लागतात. 6 कोअर मोकळे दिसले की पूलच्या पडद्यावरून ते नाशिककडून काढा आणि जळगावला द्या. दोन्ही सर्व्हरची स्थिती ‘नियमानुसार’ दिसेपर्यंत काम झाले असे समजू नका.

पूलमधले बदल फक्त मास्टर एचएमसीवरूनच होतात. तुमचा मास्टर जळगावच्या त्याच खोलीत असेल, तर एसीबरोबर तोही गेला. बॅकअप मास्टर नाशिकला ठेवा, तोही आधीच नेमून. आपत्तीत नेमायला बसू नका. जळगावचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा ही कल्पनेतली अडचण राहत नाही.

आणखी एक: ॲक्टिव्हेशन हलले म्हणजे फक्त हार्डवेअर वापरण्याचा हक्क हलला. एआयएक्स (आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि डेटाबेसचे लायसन्स स्वतंत्र असते, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

प्रश्न : ठिबकचे पाइप बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मिनिटागणिक मोजणी होणारा पूल (2.0) आहे. दोन सर्व्हर मिळून बेस, म्हणजे आधीच विकत घेतलेली क्षमता, 12 कोअर. दिवसाची सरासरी 9 च्या पुढे जात नाही, तरी हंगामात क्रेडिट (बेसपलीकडच्या वापरासाठी आगाऊ घेतलेले) भराभर संपतात. का? (जळगाव एमआयडीसी)

कारण हिशेब दिवसाच्या सरासरीवर नाही, मिनिटावर होतो. एका मिनिटात पूलचा वापर 19 कोअर झाला, तर 7 कोअर-मिनिटे क्रेडिटमधून वजा. पहाटे रिकाम्या गेलेल्या कोअरची भरपाई मिळत नाही. पूर्वहंगामी कापसाच्या तोंडावर, मेमध्ये, रात्री 8 ते 10 बिलिंग आणि डिस्पॅचची कामे एकदम चालत असतील, तर 120 × 7 = 840 कोअर-मिनिटे रोज. 26 दिवसांत 21,840. बेस मात्र दोन्ही सर्व्हरचा एकत्र धरला जातो. एकाचा वापर वाढला आणि दुसरा मोकळा असला तर खर्च पडत नाही. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: बॅकअप, रिपोर्ट आणि बिलिंग यांच्या वेळा वेगळ्या करा.

दुसरा उपाय व्हर्च्युअल प्रोसेसरचा. एलपारचा हक्क 2 कोअरचा, पण तो अनकॅप्ड (हक्कापलीकडे जाऊ शकणारा) आणि त्याचे व्हर्च्युअल प्रोसेसर 16 असतील, तर तो एलपार 16 कोअरपर्यंत खाऊ शकतो. कामाला 6 पुरत असतील तर 6 च ठेवा. वेट, म्हणजे जादा कोअर मिळवण्यातले प्राधान्य, 128 वरून 10 वर आणला म्हणजे वापर घटेल, हा समज चुकीचा आहे. वेट कामाला येतो तो कोअरसाठी ओढाताण झाल्यावर. या पूलमध्ये सर्व कोअर खुले असतात, ओढाताण क्वचितच होते. शून्य वेट तेवढा अपवाद: तो एलपार हक्कापलीकडे जात नाही.

टेस्ट आणि डेव्हलपमेंटचे एलपार वेगळ्या शेअर्ड प्रोसेसर पूलमध्ये (हा एकाच सर्व्हरमधल्या कोअरचा गट) टाका आणि त्या पूलची कमाल 2 ठेवा. डिफॉल्ट पूलला अशी कमाल लावता येत नाही. लाइव्ह मायग्रेशननंतर, म्हणजे चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्यावर, तो कोणत्या पूलमध्ये उतरला ते तपासा. क्लाउड कन्सोलवर बजेट लावून ठेवा, पण त्याच्या इशाऱ्याने वापर थांबेल असे धरू नका. वापर अडवतात ते व्हर्च्युअल प्रोसेसरचे आणि पूलच्या कमालीचे आकडे.

ज्यादा वापर फक्त मे-जूनमध्ये असेल तर क्रेडिटच घ्या. वर्षभर कामाच्या वेळेत रोज बेस ओलांडत असाल तर बेस वाढवणे मला जास्त योग्य वाटते.

प्रश्न : ओरॅकल डेटाबेस 4 कोअरच्या कॅप्ड (त्यापलीकडे न जाणाऱ्या) एलपारमध्ये आहे. दोन पॉवर सर्व्हर, प्रत्येकी 20 कोअर, लाइव्ह पार्टिशन मोबिलिटी (चालू एलपार दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सुविधा) सुरू. 4 लायसन्स पुरतील ना? (धुळे)

मोबिलिटी नसती तर होय. कॅप्ड मायक्रो-पार्टिशन (सामायिक कोअरवरचा एलपार) ओरॅकलच्या धोरणपत्रात हार्ड पार्टिशनिंग, म्हणजे लायसन्ससाठी ग्राह्य अशी पक्की विभागणी, म्हणून मान्य आहे आणि पॉवरला कोअर फॅक्टर (कोअरमागे किती लायसन्स ते ठरवणारा गुणक) 1.0, म्हणजे 4 कोअरला 4. पण त्याच धोरणपत्रानुसार लाइव्ह पार्टिशन मोबिलिटी हार्ड पार्टिशनिंगमध्ये धरत नाहीत आणि मूळ व लक्ष्य दोन्ही सर्व्हरचे सर्व कोअर मोजतात. तुमच्याकडे ते 40 होतात. डेटाबेसच्या एलपारसाठी मोबिलिटी वापरायची नाही असे ठरवा, ती सुविधा त्या सर्व्हरवरून काढा आणि तसा लेखी पुरावा ठेवा. धोरणपत्र कराराचा भाग नाही असे त्यावरच लिहिले आहे, म्हणून तुमचा मूळ करार वकिलाकडून वाचून घ्या. अनकॅप्ड केला तर ‘फक्त 4’ हा दावाही उरत नाही.

प्रश्न : डाळ मिलच्या कार्यालयात हायपर-व्हीचे (व्हर्च्युअल मशिन चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) दोन होस्ट सर्व्हर, प्रत्येकात 16 कोअरचे दोन प्रोसेसर. एकूण 10 विंडोज व्हीएम (व्हर्च्युअल मशिन). विंडोज सर्व्हरचे स्टँडर्ड घ्यावे की डेटासेंटर? (अमळनेर)

एक होस्ट बंद पडला तर दहाही व्हीएम दुसऱ्यावर जाणार, म्हणून प्रत्येक होस्टला दहांचे लायसन्स हवे. विंडोज सर्व्हरचे लायसन्स एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर 90 दिवसांच्या आत हलवता येत नाही, कायमचा हार्डवेअर बिघाड सोडून. होस्टच्या 32 कोअरचे लायसन्स एकदा घेतले की स्टँडर्डमध्ये 2 व्हीएम मिळतात. दहासाठी 5 वेळा, म्हणजे एका होस्टला 160 आणि दोन्हींना 320 कोअर. डेटासेंटरला 64 कोअर पुरतात, व्हीएम कितीही चालवा. डेटासेंटरची छापील किंमत स्टँडर्डच्या सुमारे पावणेसहा पट. त्यामुळे 10 पर्यंत स्टँडर्ड थोडे स्वस्त, अकरावे व्हीएम आले की डेटासेंटर. वाढीचा अंदाज असेल तर सुरुवातीलाच डेटासेंटर घ्या. युजर किंवा डिव्हाइसची कॅल (सर्व्हर वापरण्याचे लायसन्स) दोन्हींत वेगळी लागते.

प्रश्न : हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणे) सुरू केले तर कोअर दुप्पट मोजतात का? (नंदुरबार)

विंडोज सर्व्हरचे भौतिक कोअर मोजले तर नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचे लायसन्स व्हीएमप्रमाणे घेतले असेल, तर त्या व्हीएमला दिलेले व्हर्च्युअल कोअर मोजतात, किमान 4. 8 दिले तर 8 चे लायसन्स, मग खाली ते थ्रेड का असेनात.