मशीन बंद पडलं नाही, पण उत्तर बरोबर आलं का?

प्रश्न : माझा सहा कोअरचा प्रोसेसर मी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवून, ४.२ गिगाहर्ट्झवरून ४.८ वर नेला आहे. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ करावं लागलं. वेग मोजणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालवलं, काही झालं नाही, तापमान ८१ अंश. मग प्रोसेसरवर जड गणिताचा ताण देणारं प्राइम९५ लावलं, तर तीन तास चाळीस मिनिटांनी सहापैकी एक वर्कर (एका कोअरवर चालणारं गणिताचं काम) थांबला. बाकीचे पाच चालूच राहिले. मशीन हँग झालं नाही, ब्लू स्क्रीन आली नाही, रोजच्या कामातही अडचण नाही. मित्र म्हणतो, एवढं मनावर घेऊ नकोस. घ्यावं का?

उत्तर : घ्या. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो थांबलेला वर्करच आहे.

त्याच्या खिडकीतली शेवटची ओळ पाहा. राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं, अशा अर्थाची ती बहुधा असेल, आणि तिच्याखाली हार्डवेअरमध्ये बिघाड आढळल्याची सूचना. प्राइम९५ हा मुळात मर्सेन नावाच्या खास प्रकारच्या मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या शोधप्रकल्पाचा तो कणा आहे. लाखो अंकी संख्यांचे वर्ग करताना शाळेतला गुणाकार पुरत नाही, म्हणून त्यात एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म) ही झटपट गुणाकाराची पद्धत वापरतात. तिच्यात आकडे दशांशात येतात, पण ते पूर्णांकाला अगदी चिकटून असावे लागतात. २७.०१ आलं तर ते २७ आहे हे कळतं. २७.५ आलं तर २७ धरायचं की २८? ०.५ चा अर्थ तो. तुमच्या प्रोसेसरनं त्या क्षणी गणित चुकवलं आणि विंडोजला त्याचा पत्ताही लागला नाही. प्राइम९५ नं पकडलं, कारण ते स्वतःचं उत्तर तपासतं. तुमचा व्हिडिओ एडिटर तपासत नाही, हिशेबाची शीटही तपासत नाही.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी वडिलांच्या आवाजाच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेतल्या. मशीन ओव्हरक्लॉक केलेलं होतं, एक तासाची टेस्ट झाली होती आणि ते कधी एकदाही बंद पडलं नव्हतं. सगळ्या फायली झिप करून ठेवल्या आणि जागा हवी म्हणून मूळ फायली पुसल्या. आठ महिन्यांनी झिप उघडायला गेलो, तर दोन फायलींवर सीआरसी एरर, म्हणजे आतला मजकूर मूळ होता तसा नाही. नंतर तेच सेटिंग लावून प्राइम९५ रात्रभर चालवलं, तेव्हा पाचव्या तासाला एक वर्कर थांबला. एका कॅसेटची फीत तोपर्यंत तुटली होती. त्या दोन फायली आजही माझ्याकडे नाहीत. तेव्हापासून ‘मशीन चालू राहिलं’ एवढ्यावर मी टेस्ट पास म्हणत नाही.

आता तुमचे आकडे. प्रोसेसरचा वीजवापर ढोबळमानानं फ्रीक्वेन्सीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ४.२ वरून ४.८ म्हणजे वेग १४ टक्क्यांनी वाढला. १.२० वरून १.३५ चा वर्ग धरला तर तिथं २७ टक्के. दोन्ही मिळून सुमारे ४५ टक्के जास्त वीज, म्हणजे तेवढीच जास्त उष्णता, आणि ट्रान्झिस्टरमधून आपोआप झिरपणारा गळतीचा करंट यात धरलेलाच नाही. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी तुम्ही व्होल्टेज किती वाढवलंत ते आठवून पाहा. ४.७ वर १.२९ मध्ये काम भागत असेल तर मी ४.७ वरच थांबेन. तो फरक तुम्हाला वापरताना जाणवणार नाही, कूलरला मात्र नक्की जाणवेल.

पुन्हा सुरुवात करा. आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, सगळं मूळ सेटिंगवर आणा, रॅमला जास्त वेगानं चालवणारं एक्सएमपी प्रोफाइलसुद्धा बंद करा. हे बहुतेक जण टाळतात, आणि मग चूक प्रोसेसरची की रॅमची हे शोधत आठवडा घालवतात. मूळ सेटिंगवर अर्धा तास टेस्ट चालवून तापमान आणि सिनेबेंचचा स्कोअर कागदावर लिहून ठेवा. इथंच चूक आली तर ओव्हरक्लॉकिंगचा विषय बाजूला ठेवून आधी ती शोधायची. मग गुणक (प्रोसेसरची फ्रीक्वेन्सी ठरवणारा आकडा) एकेक पायरी वर न्या, म्हणजे एका वेळी १०० मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटं टेस्ट. चूक आली की एक पायरी खाली या, किंवा व्होल्टेज ०.०१-०.०२ नं वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

जागा सापडली की लांबची टेस्ट. प्राइम९५ मध्ये स्मॉल एफएफटी निवडलं तर सगळं काम कॅशमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत, राहतं आणि कोअर सगळ्यात जास्त तापतात. तापमानासाठी ते तासभर पुरे. ब्लेंड या पर्यायात एफएफटीचे आकार लहानमोठे होत राहतात, त्यामुळे मेमरी कंट्रोलर आणि रॅमही कामाला लागतात. ते रात्रभर चालू द्या, आठ ते बारा तास. तुमची चूक तीन तास चाळीस मिनिटांनी आली, यातच एक तास का पुरत नाही त्याचं उत्तर आहे. त्याच्या जोडीला वाय-क्रंचर किंवा ओसीसीटी या अशाच दुसऱ्या टेस्ट चालवा. प्रत्येक प्रोग्रॅम प्रोसेसरच्या वेगळ्या भागावर जोर देतो. २०१६ च्या जानेवारीत इंटेलनं स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष मान्य केला. प्राइम९५ चालवताना ती मशीन एका ठरावीक आकाराच्या गणितावर, ७६८के एफएफटीवर, गोठायची. बाकीचे आकार सुरळीत चालायचे. तो दोष ओव्हरक्लॉकिंगचा नव्हता आणि बायोस अपडेटनं तो सुटला, पण एकच टेस्ट किती गोष्टी न पाहता पुढे जाऊ शकते हे त्यातून दिसतं.

प्रोसेसर पक्का झाला की एक्सएमपी चालू करा आणि मेमटेस्ट८६ नं रॅम वेगळी तपासा. तिथं एक चूकसुद्धा चालत नाही.

शेवटी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘व्हीआ-लॉगर’च्या (WHEA-Logger) नोंदी पाहा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे हार्डवेअरमधली चूक झाली आणि ती दुरुस्तही झाली. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण सेटिंग काठावर असल्याचं ती सांगते. अशी नोंद असेल तर टेस्ट पास झाली असं मी धरत नाही.

प्रश्न : प्राइम९५ सुरू केलं की दोन सेकंदांत तापमान ९६ अंशांवर जातं. घाबरून लगेच बंद करते. कूलर मोठा आहे, नवा आहे. गेम खेळताना ७० च्या वर जात नाही. किती तापमान चालतं?

उत्तर : लगेच बंद केलंत ते योग्य केलंत. पहिली पाच मिनिटं माउस स्टॉपवर ठेवूनच बसायचं असतं.

तुम्ही ‘दोन सेकंदांत’ लिहिलंत, त्यातून बरंच कळतं. तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ९० वर चढलं तर कूलरनं उष्णता घेतली, पण बाहेर टाकता आली नाही. तेव्हा पंखे, कॅबिनेटमधली हवा, धूळ, खोलीचं तापमान बघायचं. बटण दाबताच उडी मारली तर उष्णता कूलरपर्यंत नीट पोचतच नसण्याची शक्यता जास्त. कूलर उतरवा. तळाशी प्लास्टिकची पातळ पारदर्शक फिल्म राहिली आहे का ते आधी पाहा. नव्या कूलरवर ती असते आणि ‘बसवण्यापूर्वी काढा’ हे शब्द सहज नजरेतून सुटतात. मग थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधल्या लेपाचा, ठसा पाहा. ठसा एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नुसती झाक असेल तर स्क्रू असमान आवळले गेले आहेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.

हे सगळं ठीक निघालं तर व्होल्टेजकडे वळा. अनेक मदरबोर्ड ‘ऑटो’वर ठेवले की गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. शिवाय प्राइम९५ एव्हीएक्स सूचना वापरतं. त्यांत एका फेरीत अनेक आकड्यांवर काम होतं, म्हणून करंट गेमपेक्षा कितीतरी जास्त लागतो. टेस्टच्या पर्यायांत एव्हीएक्स बंद करता येतं. तुमच्या कामात एव्हीएक्स फारसं येत नसेल तर तापमानासाठी त्याशिवाय टेस्ट करायला माझी हरकत नाही. चुकांची टेस्ट मात्र दोन्ही प्रकारे करा, कारण कोणता प्रोग्रॅम आतून काय वापरतो हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

किती चालतं? कमाल मर्यादा प्रोसेसरनुसार बदलते. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरना १०० अंश, एएमडीच्या रायझन ५८००एक्सला ९०, ७८००एक्स३डीला ८९, ७९५०एक्सला ९५. या ७९५०एक्सची रचनाच अशी आहे की सगळ्या कोअरवर भार आला की तो ९५ पर्यंत जाऊन तिथं टिकतो. मूळ सेटिंगवर तसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. हातानं व्होल्टेज वाढवलेल्या मशीनला मात्र मी सगळ्यात जड टेस्टमध्ये ८५ च्या वर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो, ती जागा आधीच सोडायला हवी.

मर्यादा गाठली म्हणून प्रोसेसर लगेच जळत नाही. तो स्वतःच वेग कमी करतो, आणि टेस्टच्या दृष्टीनं तीच अडचण आहे. तुम्हाला वाटतं ४.८ वर चार तास टेस्ट पास झाली. प्रत्यक्षात त्यातला बराच वेळ ४.४ वर गेलेला असतो. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कमी होण्याच्या) ओळीत ‘येस’ आलं असेल तर ती टेस्ट मोजू नका. त्याच खिडकीत व्हीआरएमचं, म्हणजे मदरबोर्डवरच्या वीज पुरवणाऱ्या भागाचं, तापमान दिसत असेल तर तेही पाहा. पाण्याचा कूलर बसवला की सॉकेटभोवती वारा घालणारा पंखा जातो, आणि तो भाग कुणाच्या लक्षात न येता तापत राहतो.

प्रश्न : माझ्या रायझनवर व्होल्टेज कमी करायला कर्व्ह ऑप्टिमायझर हे सेटिंग सगळ्या कोअरना उणे ३० दिलं आहे. प्राइम९५ बारा तास पास झालं. तरी नुसतं ब्राउझर उघडं असताना दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन रीस्टार्ट होतं. पॉवर सप्लाय बदलू का?

उत्तर : थांबा, सध्या बदलू नका. तुमची टेस्ट खरी आहे, पण तिनं दुसरीच जागा तपासली.

सगळ्या कोअरवर जड भार असतो तेव्हा वीज आणि तापमानाच्या मर्यादेमुळे फ्रीक्वेन्सी खाली असते. ब्राउझर उघडताना एकच कोअर क्षणभर जागा होतो आणि थेट सगळ्यात वरच्या फ्रीक्वेन्सीला जातो. उणे ३० नं तुम्ही नेमकं तिथलं व्होल्टेज कापलं आहे. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, तेव्हा उणे ३० म्हणजे ९० ते १५० मिलिव्होल्ट. प्रत्येक कोअरला एवढी कपात सोसत नाही. सगळ्यात वर जाणाऱ्या दोन कोअरना तर बहुधा नाहीच.

कोअरसायकलर नावाची एक मोफत स्क्रिप्ट आहे. ती एका वेळी एकाच कोअरवर भार टाकते आणि पाळीपाळीनं सगळ्या कोअरवर फिरते. रात्री लावून ठेवा, सकाळी कोणता कोअर चुकला ते लॉगमध्ये दिसेल. त्या एकट्या कोअरला उणे २० वर आणा, पुन्हा चालवा, तरी चुकला तर उणे १५. बाकीचे उणे ३० वर राहिले तरी चालतील. प्रत्येक बदलानंतर सिनेबेंचचा स्कोअरही पाहा. व्होल्टेज कमी पडलं की काही वेळा हे प्रोसेसर चुकत नाहीत, आतल्या आत घड्याळ ताणतात, म्हणजे प्रत्यक्ष वेग कमी करतात. पडद्यावर फ्रीक्वेन्सी तीच दिसते आणि स्कोअर घसरतो.

कोअरसायकलर दोन रात्री स्वच्छ गेलं आणि तरी रीस्टार्ट होत राहिलं, तर कर्व्ह ऑप्टिमायझर पूर्ण बंद करून एक आठवडा मशीन वापरा. तेव्हाही झालं तरच पॉवर सप्लायकडे पाहा.

प्रश्न : इतक्या टेस्ट करून प्रोसेसरच खराब होणार नाही का?

उत्तर : झीज व्होल्टेज, करंट आणि तापमान यांतून होते, टेस्ट या नावातून नाही. मर्यादेतल्या व्होल्टेजवर, ८५ अंशांखाली, एकदोन रात्री चाललेल्या टेस्टची मला काळजी वाटत नाही. रोज कित्येक तास वापरात असलेल्या जास्तीच्या व्होल्टेजची वाटते. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये २०२४ साली हेच दिसलं : प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत राहिले आणि कालांतरानं तेच प्रोसेसर अस्थिर झाले. ऑगस्टमध्ये इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट देऊन ती मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, पण आधी झालेली झीज अपडेटनं भरून येत नाही. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांतला असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायोस अपडेट करा. बायोस बदलला, रॅम बदलली किंवा उन्हाळा सुरू झाला की ब्लेंड पुन्हा एक रात्र. आणि टेस्ट संपेपर्यंत महत्त्वाच्या फायलींची प्रत त्या मशीनबाहेर ठेवा, मूळ फायली पुसू नका.