मंगळवारी काय सोडायचे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आपले म्हणणे चारचौघांत कसे मांडावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. लेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या अडचणीचे मूळही मला त्याच पत्रात सापडले.

प्रश्न : मी कृषी पदवीधर असून रावेर तालुक्यात केळी उत्पादकांना ठिबकमधून खते देण्याविषयी मार्गदर्शन करतो. मागच्या महिन्यात एका गावी मंदिराच्या सभामंडपात पडदा लावून बेचाळीस स्लाइडचे सादरीकरण केले. अन्नद्रव्यांचे कार्य, मुळांची रचना, जमिनीचा सामू, क्षारता, वाढीच्या अवस्था असे सारे क्रमाने सांगितले. अर्ध्या तासात निम्मी मंडळी उठून गेली. शेवटी एका आजोबांनी विचारले, “भाऊ, हे सगळं खरं, पन मंगळवारी व्हेंचुरीतून काय सोडू, ते सांग.” (व्हेंचुरी म्हणजे ठिबकच्या पाण्यात विरघळलेले खत ओढून घेणारे साधन.) मी ओशाळलो. माझे काय चुकले? मी बोलीत बोलायला हवे होते का?

उत्तर : आजोबांनी तुमच्या सादरीकरणाचे परीक्षण एका वाक्यात करून टाकले आहे. ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुम्ही विषय ज्या क्रमाने शिकलात त्याच क्रमाने सांगितलात. महाविद्यालयात आधी अन्नद्रव्य, मग मूळ, मग माती आणि सर्वांत शेवटी मात्रा येते. शेतकऱ्याच्या डोक्यात मात्र मंगळवार आधी येतो, कारण त्या दिवशी त्याच्याकडे वीज आहे, मजूर आहे आणि खताची गोणी उघडायची आहे. मंगळवारचे उत्तर एकदा मिळाले, की तो स्वतःच विचारतो, “पण एवढेच का? आणि एकदम का नाही?” तुम्ही पहिल्या वीस स्लाइडमध्ये जे सांगितलेत त्याची खरी जागा तिथे, या ‘का’ नंतर आहे.

विषय पक्का माहीत असणाऱ्या माणसाकडून ही चूक हमखास होते. १९९० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात चाल, शब्द, वाद्ये असे सगळे चालू असते आणि ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. हा खेळ घरी करून पाहा, पाच मिनिटे लागतात. तुमच्या सभामंडपात नेमके हेच झाले : ‘क्षारता’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर पांढरी पडलेली जमीन आणि करपलेल्या पानांच्या कडा होत्या, श्रोत्यांसमोर एक शब्द होता.

आता आकड्यांविषयी. तुमच्या स्लाइडवर बहुधा ‘प्रति झाड २०० : ४० : २०० ग्रॅम नत्र, स्फुरद, पालाश’ ही नेहमीची शिफारस असेल. ती बरोबर आहे, पण दुकानात नत्र मिळत नाही, युरिया मिळतो. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून २०० ग्रॅम नत्रासाठी सुमारे ४३५ ग्रॅम युरिया लागतो. दीड मीटर बाय दीड मीटर लागवडीत एकरी सुमारे १,८०० झाडे बसतात, म्हणजे एकराला पीक निघेपर्यंत जवळपास ७८० किलो, अर्थात ४५ किलोच्या साडेसतरा गोण्या. नत्र सगळे युरियातूनच दिले तरचा हा हिशेब आहे, आणि माती परीक्षणानुसार व ठिबकच्या वेळापत्रकानुसार तो बदलेल; पण ‘२०० ग्रॅम’ ऐकून जो माणूस मान डोलावतो, तोच ‘साडेसतरा गोण्या’ ऐकून ताठ बसतो आणि शेजाऱ्याला विचारतो, “तू किती टाकल्या?” सभा तिथून सुरू होते. मी तुमच्या जागी असते तर पडदा गाडीतच ठेवला असता आणि तागडी घेऊन गेले असते. एका झाडाच्या वाट्याचा युरिया सर्वांसमोर तोलायचा, नंतर तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे त्यातला एका वेळचा भाग वेगळा काढून एखाद्या आजोबांच्या तळहातावर ठेवायचा. एकदम का टाकू नये, हे त्या दोन ढिगांकडे पाहून अर्धे कळते.

बोलीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. रावेर-यावलकडची लेवा बोली तुमच्या घरातली असेल, तर ती बोलायला संकोच कसला? ती तुमची नसेल, तर मात्र तिची नक्कल करू नका; माझी घरची अहिराणी आहे आणि बाहेरून आलेल्या साहेबांची ‘काय करी ऱ्हायना’ ऐकताना आम्हाला नेमके काय वाटते, ते मला चांगले ठाऊक आहे. प्रमाण मराठीत बोलूनही नामे त्यांची वापरता येतात. मृगबाग आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या तोंडाची व त्यानंतरची लागवड), नवती आणि पिलबाग (नवी लागवड व खोडव्याचे पीक) हे शब्द तुमच्या ‘लागवड हंगाम’ आणि ‘खोडवा पीक’ यांपेक्षा त्या मंडपात अधिक नेमके आहेत. उलट ‘सामू’ हा शुद्ध शब्द पुस्तकात शोभतो, पण माती परीक्षणाचा कागद हातात घेतलेला शेतकरी ‘पीएच’च म्हणतो. शब्द इंग्रजी की मराठी, हा तिथे मुद्दाच नसतो. समोरचा रोज कोणता शब्द वापरतो, तेवढेच पाहायचे.

प्रश्न : मी धुळे येथे स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमच्या गटाचा प्रकल्प पांझरा खोऱ्यातील फड सिंचन पद्धतीवर आहे. सादरीकरणाला दहा मिनिटे मिळतात आणि आमच्या अठ्ठावीस स्लाइड झाल्या आहेत. मार्गदर्शक म्हणतात, काहीही गाळू नका, परीक्षक कशाविषयीही विचारू शकतात. आम्ही स्लाइडवरचा मजकूर वाचून दाखवावा की पाठ करावा?

उत्तर : दहा मिनिटांत अठ्ठावीस म्हणजे एका स्लाइडला एकवीस सेकंद. तेवढ्यात परीक्षकांचा चष्मासुद्धा नाकावर बसत नाही. मार्गदर्शकांची काळजी खोटी नाही, पण तिचा इलाज वेगळा आहे : सगळा तपशील छापील अहवालात द्या, आणि प्रश्न येण्याची शक्यता असलेले तक्ते शेवटच्या स्लाइडनंतर राखून ठेवा. प्रश्न आला तर उघडायचे, नाही तर नाही.

वाचणे आणि पाठ करणे, दोन्ही टाळा. पडद्यावर वाक्ये आहेत आणि तीच वाक्ये कानावरही पडत आहेत, अशा वेळी ऐकणारा आपल्या गतीने वाचत पुढे जातो, वक्ता मागून येतो, आणि दोन्हींकडचे लक्ष तुटते. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतही हेच आढळले, की चित्र आणि निवेदन यांच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावर आणला, तर शिकणाऱ्यांना सामान्यतः कमी समजते.

स्लाइडवर काय वर येते आणि काय खाली दबते, याचे एक गंभीर उदाहरण तुम्हा अभियंत्यांना माहीत असायला हवे. कोलंबिया हे अंतराळयान १६ जानेवारी २००३ रोजी उडाले, तेव्हा सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधून तो नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपात मांडला. त्यांतील एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. सर्वांत खालच्या ओळींत मात्र लिहिले होते, की आदळलेल्या तुकड्याचे आकारमान सुमारे १,९२० घनइंच आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारे हा धीर दिला जात आहे, त्यांतील तुकडा ३ घनइंचांचा होता. म्हणजे ६४० पट. खरे तर मथळा हाच व्हायला हवा होता. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. स्लाइडमुळे यान पडले, असे कोणी म्हणू नये. ते फोममुळे पडले. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडचे स्वतंत्र विश्लेषण दिले आणि तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर स्पष्ट टीका केली.

आता तुमचा फड. या विषयात ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तुमच्या पाठवलेल्या यादीत ती एकोणिसाव्या स्लाइडवर आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते, लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले असतात, एका फडात त्या वर्षी एकच प्रकारचे पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पालटायचे, एवढे तुम्ही सांगालच. परंतु पाऊस कमी पडला तर पाणी कोणाचे तोडायचे, हा जो प्रश्न आजही धरणांच्या कालव्यांवर भांडणे लावतो, त्यावर या पद्धतीने जुन्या काळीच उत्तर काढले : पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे, आणि बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यामुळे तोटा एकाच्याच डोक्यावर न पडता सर्वांत विभागला जातो. दहा मिनिटे या एका प्रश्नाला द्या. सुरुवात प्रश्नानेच करा. मग फळ्यावर खडूने नदी काढा, आडवा बंधारा काढा, पाट काढा, चार फड पाडा, आणि त्यांपैकी एक पुसून टाका. खडू जिथे जातो तिथे डोळे जातात. तयार नकाशा पडद्यावर आला, की प्रत्येक जण त्यात आपापले गाव शोधत बसतो. बंधाऱ्याचे मोजमाप, पाटाचा उतार, पाटकऱ्याचे काम हे सारे त्या चित्राच्या अनुषंगाने येईल तेवढे येऊ द्या.

स्लाइड किती ठेवाव्यात, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते : सहा पुरेत, आणि त्यांतील चार छायाचित्रे असावीत.

प्रश्न : शहाद्याच्या एका पतसंस्थेत मी अधिकारी आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात आम्हाला सांगितले गेले, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. मग मजकुरावर एवढी मेहनत कशाला घ्यायची?

उत्तर : त्या वक्त्यांनी हेच विधान शब्द न वापरता, केवळ हातवारे करून समजावून दाखवायला हवे होते. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या संशोधनातून आले आहेत आणि त्या संशोधनाचा विषय फार मर्यादित होता : एखादा सुटा शब्द उच्चारताना आवाज किंवा चेहरा त्या शब्दाशी विसंगत असेल, तर बोलणाऱ्याच्या आवडी-नावडीविषयी ऐकणारा कशावर भरवसा ठेवतो. हे समीकरण भावना आणि मनोवृत्ती यांच्यापुरतेच आहे, असे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. मुदतठेवीचा व्याजदर आणि मुदतीपूर्वी पैसे काढल्यास होणारी कपात तुम्ही ठेवीदाराला समजावता, तेव्हा सगळा भार शब्दांवर आणि आकड्यांवर असतो. आवाज स्पष्ट असावा आणि ठेवीदाराकडे पाहून बोलावे, एवढे जरूर पाळा. बाकी त्या शिबिराची फी गेली असे समजा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मुक्काम धुळे जिल्हा. गावच्या वाचनालयाने माझी पाच व्याख्यानांची माला ठेवली आहे. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. लक्षात राहावे म्हणून विनोद आणि शेरोशायरी घालावी का?

उत्तर : सर, घालायला हरकत नाही, पण मग शेर लक्षात राहील. आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण आपल्याला माहीत असेल. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, सलग अठरा रविवार, आणि दर रविवारी एकच अध्याय. ऐकणाऱ्यांत तऱ्हेतऱ्हेची माणसे, विषय अवघड, तरी सांगणाऱ्याने एका बैठकीला एकच अध्याय उचलला आणि तो रोजच्या व्यवहारातील दाखल्यांनी उकलला. मधले सहा दिवस ऐकणाऱ्यांचे होते, हा भाग मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो. आपली पाच व्याख्याने सलग पाच संध्याकाळी ठेवलेली असतील, तर वाचनालयाला सांगून ती आठवड्याच्या अंतराने करून घ्या. प्रत्येकाचा विषय एका वाक्यात मावेल इतका आखूड करा आणि ते वाक्य सुरुवातीला, मध्ये व शेवटी, तिन्ही वेळा त्याच शब्दांत म्हणा. शिक्षकाला हे शिकवायला नको, पण व्यासपीठावर गेल्यावर आपण सारेच वर्ग विसरतो.

आणि दुसऱ्या व्याख्यानाच्या आधी, गेल्या वेळी आलेल्यांपैकी दोघा-तिघांना पारावर किंवा दूध डेअरीवर गाठून विचारा, की काय आठवते. पहिल्या रांगेतील सत्कारमूर्तींना विचारू नका. मागे दाराशी उभे राहून ऐकणाऱ्यांना विचारा. ते जे सांगतील, तेथूनच दुसरे व्याख्यान सुरू करा, मग ते आपल्या टिपणात नसले तरी चालेल.