देखाव्यात अतिरेकी दाखवावा का?

प्रश्न : मॅडम, आमच्या तालमीचा यंदाचा गणपतीतला सजीव देखावा विनोदी आहे. अमेरिकेचा अध्यक्ष आणि एक दाढीवाला तालिबानी नेता कोल्हापूरच्या खानावळीत येतात. मालक दोघांना एका टेबलावर बसवतो आणि तांबडा-पांढरा ओरपून त्यांचा समेट होतो. वाचनाला सगळे हसले, पण लाइट आणि सेट बघणारा आमचा मुस्लिम मित्र गप्प झाला. मोठी माणसं म्हणतात, विषयच नको, नसता ताप. संहिता सोबत पाठवलीय. काय करावं?
— एक कॉलेजकुमार, शिवाजी पेठ

उत्तर : विषय सोडू नकोस, संहिता बदल. पाठवलेली पानं मी वाचली. निम्मे विनोद दाढीवर, टोपीवर आणि नमाजाच्या वेळेवर आहेत. तुझा मित्र त्यामुळंच गप्प झाला असणार. दाढी राखणारी, नमाज पढणारी माणसं आपल्याच पेठांत राहतात, मोहरमला पंजे बसवतात, गणपतीची वर्गणीही देतात. ती आणि बंदूकवाला यांतला फरक बघणाऱ्याला कळला नाही, तर अतिरेक्याचंच म्हणणं आपण रेटल्यासारखं होईल. सगळे मुसलमान माझ्या मागं आहेत, हेच तर तो सांगत असतो. ७ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्यसाप्ताहिकावर अतिरेक्यांचा हल्ला झाला, १२ जण मारले गेले. त्यांत अल्जीरियात जन्मलेले मुद्रितशोधक मुस्तफा ऊराद होते आणि अहमद मेराबे हा पोलीसही होता. जखमी होऊन रस्त्यावर पडलेल्या मेराबेला जवळ जाऊन गोळी घातली.

भीतीनं गप्प बसणंही मला पटत नाही. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला आपल्याच गावात गोविंद पानसरे यांना सकाळी फिरून परतताना गोळ्या घातल्या. माणसाचं बोलणं बंद करायला बंदूक काढणारे कुठल्याही धर्मात निघतात, आणि त्यांच्यावर हसायचा हक्क आपण सोडता कामा नये.

आता तुझा समेट. तो खरंच झालाय, कतारमधल्या दोहा शहरात, २९ फेब्रुवारी २०२० ला. तालिबानकडून सही केली मुल्ला बरादरनं. हा २०१० मध्ये पाकिस्तानात पकडला गेला होता आणि अमेरिकेला बोलणी करायची होती म्हणून २०१८ मध्ये सुटला. करारात तालिबानचा उल्लेख येईल तिथं ‘अमेरिका ज्याला राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जे तालिबान म्हणून ओळखलं जातं ते अफगाणिस्तानचं इस्लामी अमिरात’ असा लांबलचक मजकूर येतो. मान्यता नाही म्हणायचं आणि सहीही त्याच्याशीच करायची! अध्यक्षाच्या पात्राला दर वाक्यात हे पूर्ण म्हणायला लाव. वाढपी ताट घेऊन ताटकळत उभा राहू दे. लोक पोट धरून हसतील आणि कुणाच्या श्रद्धेला धक्काही लागणार नाही.

पण तुझा खानावळवाला समेट घडवतो, ते काढ. अफगाणिस्तानचं तेव्हाचं काबूलचं सरकार त्या टेबलावर नव्हतंच. तालिबानचे पाच हजारांपर्यंत कैदी सोडायचं मात्र त्या करारात ठरलं, आणि ते कैदी होते काबूलच्या ताब्यात. म्हणजे मालकाला दाराबाहेर उभं करून दोन गिऱ्हाइकांनी त्याच्याच खानावळीचा सौदा केला. तसंच दाखव.

मालकाला एक मुलगीही दे, सातवीतली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि सहावीच्या पुढच्या मुलींची शाळा थांबली. २३ मार्च २०२२ ला शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. मी नोकरीभर मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. ती बातमी वाचून मला घास गिळवला नाही. समेटाची किंमत कुणी मोजली, हे तुमच्या देखाव्यात दिसायलाच हवं.

आपल्याकडं संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करतात, पोरं नुसते ओठ हलवतात. मग ऐनवेळी शब्द बदलता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी त्या मित्राला शेजारी बसवून वाचन घे आणि तो खोडेल ते खोड. शिवाय कुणीतरी मोबाइलवर तेवढाच एखादा तुकडा उचलणार. एका स्टेटसवरून ७ जून २०२३ ला गावात केवढा दंगा झाला, ते तू पाहिलंयस. कुठलाही तुकडा एकटा काढला तरी त्याचा रोख बंदुकीवरच राहील, असं लिही.

आणि त्या मुलीचं काम खऱ्या मुलीलाच द्या. पोराला परकर नेसवून हशा काढू नका.