घरखर्चाची वही : गौरीजेवण, उन्हाळी पाहुणे आणि अधिकाचे वाण

प्रश्न : मी घरातील थोरली सून असल्यामुळे गौरी आमच्याकडे असतात आणि गौरीपूजनाच्या दिवशी दोन्ही दीर, नणंद, त्यांची कुटुंबे व शेजारचे काही जण मिळून साधारण तीस माणसे जेवायला असतात. आमचे डोंबिवलीचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. गेल्या वर्षी त्या एका दिवसाला 14,600 रुपये लागले आणि त्यातले निम्मे उसने घ्यावे लागले. यजमानांचा ओव्हरटाइम आता बंद झाला आहे, त्यामुळे यंदा फार तर 7,000 रुपये बाजूला पडतील. माणसे कमी करणे सासूबाईंना पटणार नाही आणि दिरांकडे पैसे मागणे मला बरे वाटत नाही. गेल्या वर्षीचा हिशेब असा : किराणा 3,900, भाज्या व फळे 1,700, दूध-तूप-पनीर-बासुंदी 3,400, विकतची जिलबी व फरसाण 1,600, पत्रावळी व पाण्याच्या बाटल्या 900, ओटीचे व देण्याघेण्याचे सामान 2,300, सजावट 800. कुठे हात आखडावा?

उत्तर : तुम्ही हिशेब जपून ठेवलात, म्हणून उत्तर देणे सोपे झाले आहे. तो मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे तुमचा खर्च तीस माणसांमुळे वाढलेला नसून पानातील पदार्थांच्या संख्येमुळे वाढलेला आहे. माणूस एका वेळी जेवतो तेवढेच जेवतो. त्याच्या पानात पुरणपोळीच्या जोडीला बासुंदी आणि जिलबी वाढली, म्हणून त्याचे पोट मोठे होत नाही. तो प्रत्येकातले थोडे थोडे खातो, आणि प्रत्येक पदार्थ मात्र तीसही जणांना पुरेल या भीतीने केलेला असल्यामुळे संध्याकाळी पातेली भरलेली राहतात. तेव्हा माणूस एकही कमी करू नका आणि गोड पदार्थ एकच ठेवा.

तो पुरणपोळीच असणार, कारण नैवेद्याला ती हवीच आहे. दीड किलो हरभऱ्याची डाळ आणि तितकाच गूळ घेतला, तर मध्यम आकाराच्या पन्नासएक पोळ्या होतात. पाच-सहा मुले धरून तीस माणसांना तेवढ्या पुरतात. डाळ शिजवलेल्या पाण्याची कटाची आमटी होते, म्हणजे वेगळे वरण शिजवण्याचे कारण उरत नाही. आपल्या आज्यांनी पुरणावरणाच्या स्वयंपाकाची घडीच अशी बसवली होती की एका पदार्थाचे उरलेले दुसऱ्याचे मूळ व्हावे, आणि आपण मात्र त्या घडीवर पनीरची भाजी आणून ठेवली. पनीर गौरींनी कधी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पोळी असलेल्या जेवणात माणशी 50 ते 60 ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो, म्हणजे पावणेदोन किलोंच्या वर जाऊ नका. आणि मसालेभात व साधा भात असे दोन्ही न करता एकच करा, कारण दोन भात केले की दोन्ही उरतात. तीन किलो बटाट्यांची भाजी, दोन किलो काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, अर्धा किलो तूप, पोळीबरोबर घ्यायला तीन लिटर दूध आणि तळणीला घरच्या कुरडया-पापड्या एवढ्यावर पान भरते. गौरीच्या नैवेद्यातील सोळा भाज्यांसाठी प्रत्येक भाजी पावशेर घेत बसू नका. सणाच्या दिवसांत भाजीवाले सगळ्या भाज्या थोड्या थोड्या घालून जो एकत्र वाटा लावतात, तो घ्या. माझ्या हिशेबाने या सगळ्या स्वयंपाकाचा खर्च, पूजेची फुले-फळे धरूनही, साडेतीन हजारांच्या आसपास राहतो. तुमच्या बाजारातले दर वेगळे असतील, पण चार हजारांच्या पुढे तो जाऊ नये.

पत्रावळी आणि बाटल्यांवर गेलेले नऊशे रुपये मला सर्वांत जास्त खटकले. पुष्कळ सोसायट्यांकडे, महिला मंडळांकडे किंवा सार्वजनिक गणपती मंडळांकडे स्टीलची ताटे-वाट्या-पेले असतात आणि ते अगदी किरकोळ भाड्याने मिळतात. सणाच्या दिवसांत मात्र मागणी एकदम येते, म्हणून श्रावण लागताच नाव नोंदवून ठेवा. पाण्यासाठी एक माठ आणि दोन तांबे पुरे आहेत. जागेचे म्हणाल, तर सतरंजी घालून पंधरा-पंधरा जणांच्या दोन पंगती बसवाव्यात, पहिल्या पंगतीला मुले आणि वडीलधारी मंडळी. घरात जागा नसताना उभ्याने जेवण ठेवले, तर लोक दाटीवाटीने एकदाच भरपूर वाढून घेतात आणि अन्न वाया जाते. पंगतीत आग्रह करून वाढता येते, पण हात तुमचा असतो.

ओटीच्या सामानाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. आपल्याकडे ब्लाउजपीस हा बहुतेक कापडाचा प्रकार नसून चलनाचा प्रकार झाला आहे : तो या घरातून त्या घरात फिरतो, कोणी शिवत नाही आणि तिसऱ्या वर्षी कधीतरी पहिल्या घरी परत येतो. या फेऱ्यात नवे तुकडे घालण्यापेक्षा ओटीला तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नारळ द्या. नारळ तरी आमटीत पडतो.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे वळते. दिरांकडे पैसे मागणे तुम्हाला जड जाते हे मी समजू शकते, आणि खरे सांगायचे तर मागूही नयेत, कारण पैसे मागितले की कोणी किती दिले याची चर्चा वर्षभर पुरते. त्याऐवजी जिन्नस वाटून द्या. एका जावेला फोन करून म्हणा, “यंदा दूध आणि तूप तुमच्याकडून येऊ द्या, मी बाकीचे बघते.” दुसऱ्या जावेकडे फुले आणि फळे द्या. नणंदबाईंना आदल्या दिवशी पुरण वाटायला बोलवा. जिन्नस आणणाऱ्याला आपला सहभाग ताटात दिसतो आणि त्याला वर्गणी दिल्यासारखे वाटत नाही.

मात्र हे फोन करण्याआधी सासूबाईंना विश्वासात घेणे आवश्यक आहे, आणि त्यांना आकडा सांगा. गेल्या वर्षी निम्मी रक्कम उसनी घेतली होती हे त्यांना ठाऊक आहे का, असा मला तुमच्या पत्रावरून प्रश्न पडला. ज्या पिढीने 1972 च्या दुष्काळात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरी थापल्या आणि दुष्काळी कामांवर वाटलेल्या सुकडीवर मुले वाढवली, त्या पिढीला टंचाई समजावून सांगावी लागत नाही. त्यांना राग येतो तो लपवल्याचा. कोणता पदार्थ वगळता येईल आणि कुळाचारात कोणता चालणार नाही, हे त्यांनीच ठरवले, तर दिरांसमोर तुम्हाला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, गणेशचतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि गौरी नेमक्या महिन्याच्या अखेरीस आल्या, तेव्हा हात रिकामा असणे साहजिक होते. यंदा अधिक महिन्यामुळे चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे त्या महिन्याचा पगार आधी हातात आलेला असेल. डाळ, गूळ आणि तांदूळ तुम्ही वर्षाचे धान्य भरताना आताच घेतलेत, तर सप्टेंबरचा भार आणखी हलका होईल. डाळीला ऊन दाखवून ती कोरड्या डब्यात भरा, नाहीतर पावसाळ्यात भुंगे होतात.

प्रश्न : आम्ही अकोल्याला वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात माझ्या दोन बहिणी मुलांसह पंधरा दिवस येतात. कूलर आहे, पण रात्री खोलीत चिकचिक होते आणि मुले झोपत नाहीत. वातानुकूलन यंत्र हप्त्यावर घ्यावे, असे मुलगा म्हणतो. आधीच गाद्यांसाठी पैसे लागणार आहेत. काय करावे?

उत्तर : पंधरा दिवसांच्या पाहुण्यांसाठी दीड-दोन वर्षांचे हप्ते घेऊ नयेत, असे माझे मत आहे. तुमच्या पत्रातील “चिकचिक” या शब्दावरून कारण कळते. कूलर पाण्याचे बाष्प करून हवा गार करतो. ती ओलसर हवा खोलीतून बाहेर गेली नाही, तर थोड्या वेळाने खोली गार होण्याऐवजी दमट होते. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे उत्तम साधन आहे, पण तो खिडकीबाहेर ठेवून त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी ठेवावीच लागते. गारवा निघून जाईल या भीतीने आपण सगळे बंद करतो आणि तिथेच फसतो. टपातील पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला आणि गवताच्या जाळ्या काळ्या पडल्या असतील, तर नव्या घाला; त्यांना फारसे पैसे पडत नाहीत.

दुसरे काम गच्चीचे आहे. वरच्या मजल्यावरील उष्णता मुख्यतः तापलेल्या स्लॅबमधून रात्रभर खाली उतरत असते. एप्रिल संपण्याआधी गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन तिला चुन्याचे दोन हात द्या. चुना आदल्या रात्री भिजवून ठेवावा, गाळून घ्यावा आणि त्यात थोडे पांढरे सिमेंट मिसळावे, म्हणजे तो लगेच उडत नाही. हे काम करताना डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेत, कारण चुना भाजतो. मुलांना त्या वेळी गच्चीवर येऊ देऊ नका. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जाईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावावा लागेल, पण खर्च यंत्राच्या एका हप्त्याइतकाही येणार नाही.

विजेचा हिशेबही मुलासमोर मांडा. साधारण 180 वॅटचा कूलर रात्रभर, म्हणजे दहा तास, चालला तर पावणेदोन-दोन युनिटे जळतात; दीड टनाचे यंत्र तेवढ्याच वेळात त्याच्या कितीतरी पट वीज घेते. महावितरणच्या घरगुती आकारणीत पहिल्या 100 युनिटांचा दर सर्वांत कमी आणि 101 ते 300 युनिटांचा त्याहून बराच जास्त असतो. शंभरी ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असा एक गैरसमज आहे. तसे नाही, वरच्या युनिटांनाच तो लागतो. पण यंत्राची सगळी युनिटे वरच्याच टप्प्यात पडतील, हे लक्षात घ्या.

गाद्या नव्या घेऊ नका. माळ्यावरच्या जुन्या गाद्यांचा कापूस गादीवाल्याकडून पिंजून घ्या आणि खोळ नवी शिवा. उन्हाळ्यात मुलांना कापसाची गादीसुद्धा गरम होते. चटई, तिच्यावर जुन्या नऊवारीची गोधडी आणि गच्चीवरची हवा मिळाली, तर ती आनंदाने झोपतील. बहिणी माहेरी आल्या आहेत, पाहुण्या म्हणून आलेल्या नाहीत, तेव्हा रोज नवा बेत करण्याची गरज नाही. सकाळी वरणभात-भाजी-पोळी आणि रात्री पिठले-भाकरी, कधी फोडणीची खिचडी हे क्रमाने चालू द्या. एक दिवस आमरस करा, पण त्या दिवशी दुसरे गोड करू नका. वर पहिल्या उत्तरात जे पदार्थांच्या संख्येबद्दल लिहिले, ते इथे पंधरा दिवसांना लागू आहे.

प्रश्न : सांगलीहून लिहीत आहे. 17 मेपासून अधिक ज्येष्ठ सुरू होत आहे. दोन्ही मुलींची लग्ने गेल्या दीड वर्षात झाली, त्यामुळे दोन्ही जावयांना पहिलेच वाण द्यायचे आहे. चांदीचे निरांजन, कपडे आणि जेवण हे सर्व दोनदा करणे पेन्शनमध्ये बसत नाही. एका जावयाला दिले आणि दुसऱ्याला नाही, असेही करता येत नाही.

उत्तर : दोघांना एकाच दिवशी बोलवा, म्हणजे जेवण एकच होईल आणि दोन बहिणींची भेटही होईल. वाणाचा गाभा 33 अनारसे हा आहे. चांदी आणि कपडे ही ऐपतीची भर आहे, आणि ऐपत नसताना दिलेली चांदी मुलींनाच आधी टोचते. पूर्वी तांब्याच्या ताम्हनात अनारसे ठेवून वर दिवा लावून देत असत, तसे दोन ताम्हने आणून द्या. आम्ही यंदा एवढेच करणार आहोत, हे मुलींना आधी फोनवर सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्या सासरी ऐनवेळी अपेक्षा तयार होणार नाही.

अनारसे विकत घेऊ नका. एक किलो तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवावा, चौथ्या दिवशी उपसून कापडावर सावलीत जरा सुकवावा आणि किंचित ओलसर असतानाच कुटून, चाळून, त्यात जवळजवळ त्याच्याच वजनाइतका किसलेला गूळ मिसळून गोळे बांधून ठेवावेत. लहान आकाराचे केले तर दोन्ही वाणांना पुरून घरालाही थोडे राहतील. गूळ घातलेले हे पीठ चांगले टिकते, त्यामुळे ते महिन्याच्या सुरुवातीलाच करून ठेवता येते आणि तळण तेवढे त्या दिवशी सकाळी करावे. खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळा, उलटू नका, वरून झाऱ्याने तूप उडवत राहा. पहिला अनारसा तुपात हसलाच, म्हणजे फुटून पसरलाच, तर घाबरू नका. उरलेल्या पिठात मूठभर कोरडी तांदळाची पिठी मळून घ्या आणि दुसरा सोडून पाहा.